नाकतोड्याचे कुळ : कीटक-वर्गीकरणाच्या इतिहासाची एक वाट

कीटकांचे वर्गीकरण हा विषय बाहेरून पाहणाऱ्याला नावांची लांबलचक यादी वाटतो, आणि ही समजूत रुजण्याला बहुतांशी पाठ्यपुस्तकेच कारणीभूत आहेत. कारण गण, कुल, प्रजाती आणि जाती ही उतरंड त्यांत तयार स्थितीत दिलेली असते, पण ती कोणी रचली, कोणत्या पुराव्यावर रचली आणि रचताना कोणाचे म्हणणे खोडून काढावे लागले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. प्राण्याच्या शरीरातील नेमक्या कोणत्या गोष्टीवर भिस्त ठेवायची, हा वर्गीकरणातला मूळ प्रश्न आहे. पंखांवर भिस्त ठेवली तर एखादा कीटक भुंग्यांच्या पंगतीत जाऊन बसतो, तोंडाच्या अवयवांवर ठेवली तर तोच झुरळांच्या शेजारी येतो, आणि अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतच्या वाढीवर ठेवली तर चतुराचा सोबती ठरतो. टोळ आणि नाकतोडे यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी खरोखरच घडल्या. कीटकशास्त्राच्या आरंभकाळातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या पद्धतीला या प्राण्याने कुठे ना कुठे अडवले आहे, आणि म्हणून वर्गीकरणाचा इतिहास एकाच जीवाच्या आधाराने समजून घ्यायचा असेल तर नाकतोड्याइतका योग्य जीव दुसरा नाही, अशी प्रस्तुत ग्रंथामागची धारणा आहे.

प्रथम या प्राण्यांची ओळख करून देणे आवश्यक आहे. आज ज्या गणाला ऑर्थॉप्टेरा, म्हणजे सरळ पंखांच्या कीटकांचा गण, असे म्हणतात, त्यात नाकतोडे, टोळ आणि रातकिडे येतात. यांचे पुढचे पंख अरुंद, चामड्यासारखे चिवट असून पाठीवर सरळ मिटलेले असतात, मागचे पातळ पंख त्यांच्याखाली पंख्यासारखे घड्या घालून ठेवलेले असतात, मागच्या पायांच्या मांड्या उडी मारण्यासाठी जाड झालेल्या असतात आणि तोंड चावून खाण्यासाठी बनलेले असते. जगभरात या गणाच्या सुमारे २९ हजार जातींची नोंद झाली असून भारतातील जातींची संख्या एक हजाराच्या वर आहे. गणाचे दोन उपगण पडतात, आणि ते ओळखण्यासाठी साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या स्पर्शिका, म्हणजे मिशा, पुरेशा आहेत. मिशा शरीरापेक्षा आखूड असतील तर तो खरा नाकतोडा किंवा टोळ, आणि त्या केसासारख्या बारीक व शरीराहूनही लांब असतील तर तो रातकिड्यांच्या बाजूचा. हा फरक वरवरचा वाटला तरी त्याच्यामागे शरीररचनेचे खोल अंतर आहे. आखूड मिशांच्या कीटकाचा कान पोटाच्या पहिल्याच खंडावर, दोन्ही कुशींना असतो आणि तो मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतो. लांब मिशांच्या कीटकाचा कान पुढच्या पायाच्या नळीवर असतो आणि त्याचा आवाज दोन पुढचे पंख एकमेकांवर घासून निघतो. मराठीत नाकतोडा आणि टोळ हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात. या ग्रंथात मात्र आखूड मिशांच्या सर्व कीटकांना नाकतोडे म्हटले असून, त्यांच्यापैकी ज्या वीसेक जाती थवे करून स्थलांतर करतात त्यांनाच टोळ म्हटले आहे. टोळ हा वर्गीकरणातील स्वतंत्र गट नव्हे, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवलेली बरी, कारण पुढच्या इतिहासातील सर्वांत मोठा पेच तिच्यातूनच उभा राहिला.

या इतिहासाचा आरंभ अ‍ॅरिस्टॉटलपासून करण्याची प्रथा आहे आणि ती रास्त आहे. शरीरावर खाचा असलेल्या, रक्तहीन मानलेल्या प्राण्यांचा एक गट त्याने वेगळा काढला. त्यात आजच्या कीटकांबरोबर कोळी आणि गोमही होती, पण नाकतोड्यांविषयीची त्याची निरीक्षणे आजही टिकणारी आहेत. मागचे पाय घासून हा प्राणी आवाज काढतो, आणि मादी पोटाचे टोक जमिनीत खुपसून एकाच जागी अंड्यांचा पुंजका घालते, हे त्याने नोंदवून ठेवले होते. ही क्रिया जवळून पाहिली तर त्या नोंदीचे मोल कळते. मादी आखूड, कठीण अंडनिक्षेपकाने, म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाने, माती बाजूला सारत जाते. तसतसे तिच्या पोटाचे खंड दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकांतून बाहेर सरकतात आणि पोट मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जाते. मग तळाशी अंडी रचली जातात आणि त्यांच्याभोवती फेस सोडला जातो, जो वाळून मातीच्या कणांसह घट्ट कोश बनतो. हे सर्व जमिनीखाली चालते, वर फक्त मादीचा पुढचा भाग स्थिर बसलेला दिसतो. ज्याने हे प्रथम ओळखले त्याने मातीत हात घातला असला पाहिजे.

भारतीय परंपरेत प्राण्यांची विभागणी वेगळ्या हेतूंनी झाली. जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज ही जन्मप्रकारांवर आधारलेली चौकट सर्वपरिचित आहे. सुश्रुतसंहितेतील कीटकांचे वर्णन विषबाधेच्या चिकित्सेसाठी आहे. याहून सूक्ष्म विचार जैन परंपरेत दिसतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांची रचना इंद्रियांच्या संख्येवर केलेली असून कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य अशा चढत्या क्रमाने एकेक इंद्रिय वाढत जाते. या क्रमाला आधुनिक प्राणिशास्त्राचा पूर्वज ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण त्याचा उद्देश अहिंसेच्या आचरणाची मर्यादा ठरवणे हा होता. तथापि शरीराच्या आकाराऐवजी संवेदनेच्या क्षमतेवर जीवांची मांडणी करता येते, ही कल्पना अत्यंत मौलिक आहे, आणि नाकतोड्याच्या कानावरून दोन उपगण वेगळे ओळखणाऱ्या आजच्या अभ्यासकाला ती परकी वाटू नये.

युरोपात सोळाव्या आणि सतराव्या शतकात कीटकांवरील स्वतंत्र ग्रंथ छापले जाऊ लागले. बोलोन्याच्या उलिसे आल्द्रोव्हांदी यांचा ग्रंथ १६०२ मध्ये आणि इंग्लंडच्या थॉमस मॉफेट यांचा, त्यांच्या मृत्यूनंतर, १६३४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ माहितीचे मोठे साठे होते. त्यांत जुन्या ग्रंथकारांची वचने आणि प्रत्यक्ष निरीक्षणे एकाच तराजूत तोलली गेली होती. ती सरमिसळ मोडून काढली अ‍ॅम्स्टरडॅमच्या यान स्वामरडाम यांनी. सडक्या पदार्थांतून कीटक आपोआप उपजतात हा समज इटलीच्या फ्रांचेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये प्रयोगाने खोडला होता. स्वामरडाम यांचा कीटकांच्या सामान्य इतिहासाचा ग्रंथ त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६६९ मध्ये आला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन करून असे दाखवले की अळीपासून फुलपाखरू होते तेव्हा एक प्राणी मरून दुसरा जन्मत नाही, तर पुढच्या अवस्थेचे अवयव आधीच्या अवस्थेत वाढीला लागलेले असतात. या वाढीच्या रीतींवरून त्यांनी कीटकांचे चार वर्ग केले. नाकतोडा त्यांच्या दुसऱ्या वर्गात, चतुरासोबत गेला. कारण त्याचे पिल्लू कोशात न जाता, दर कातीबरोबर थोडेथोडे मोठे होत, पाठीवर पंखांचे अंकुर उघड मिरवत प्रौढ होते. अशा पिल्लाला अर्भक म्हणतात. इंग्लंडच्या जॉन रे यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर १७१० मध्ये निघालेल्या ग्रंथात, हाच मार्ग पुढे नेला. वाढीची रीत हा नात्याचा भक्कम पुरावा आहे, हे नंतरच्या विज्ञानाने मान्य केले. पण संग्रहालयातील टाचणीला टोचलेल्या मेलेल्या कीटकाची वाढ कशी झाली हे ओळखायचे कसे, हा व्यावहारिक प्रश्न स्वामरडाम यांच्या पद्धतीला सोडवता आला नाही.

या प्रश्नाचे उत्तर स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी दिले, आणि ते इतके सोयीचे होते की साऱ्या जगाने ते उचलले. लिनियस यांच्या निसर्गव्यवस्थेच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १७३५ मध्ये निघाली, आणि प्राण्यांच्या नावांचा आरंभबिंदू म्हणून आज मानली जाणारी दहावी आवृत्ती १७५८ मध्ये. प्रजातीचे एक आणि जातीचे एक अशी दोन शब्दांची नावे त्यांनी सर्व प्राण्यांना सुसूत्रपणे दिली आणि कीटकांचे सात गण पंख आहेत की नाहीत, किती आहेत आणि कसे आहेत यावरून पाडले. पंख मेल्यावरही टिकतात, पाहायला सोपे असतात, आणि त्यांच्यावरून नवशिक्यालाही गण ओळखता येतो. नाकतोड्याने या पद्धतीला इथेच अडवले. त्याचा पुढचा पंख भुंग्याच्या कवचासारखा टणक नसतो आणि माशीच्या पंखासारखा पारदर्शकही नसतो, तो मधलाच असतो. लिनियस यांनी दहाव्या आवृत्तीत त्याला झुरळांसह भुंग्यांच्या गणात ठेवले, आणि १७६७च्या बाराव्या आवृत्तीत तेथून उचलून ढेकणांच्या आणि चिकट्यांच्या गणात, म्हणजे सोंडेने रस शोषणाऱ्यांच्या सोबतीला, नेऊन बसवले. कराकरा पाने कुरतडणारा प्राणी रस शोषणाऱ्यांत बसतो, ही विसंगती लिनियस यांच्या नजरेतून सुटली असेल असे मानण्याचे कारण नाही. ज्या खुणेवर सारी इमारत उभी केली ती खूण सोडणे त्यांना शक्य नव्हते. मात्र त्यांच्या ग्रिलस या एकाच प्रजातीच्या पोटात त्यांनी जे सहा उपविभाग केले होते, त्यांकडे पाहिले की त्यांच्या नजरेची धार कळते. प्रार्थना कीटक, निमुळत्या डोक्याचे नाकतोडे, ठेंगणे नाकतोडे, रातकिडे, लांब मिशांचे हिरवे कीटक आणि टोळ हे ते सहा गट होत. त्यांपैकी प्रार्थना कीटक वगळले तर बाकीचे पाच आजही एकाच गणात शेजारी शेजारी आहेत. पद्धत चुकीच्या जागी घेऊन जात असतानाही डोळा बरोबर पाहत होता.

पुढच्या पन्नास वर्षांत ही कोंडी फुटली. स्वीडनच्याच चार्ल्स डी गीर यांनी या कीटकांना भुंग्यांपासून आणि ढेकणांपासून वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र गण केला, आणि फ्रान्सच्या ओलिव्हिये यांनी १७८९ मध्ये व लात्रेय यांनी १७९३ मध्ये सरळ पंखांच्या गणाचे नाव रूढ केले. लिनियस यांचे शिष्य योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस यांनी मात्र गुरूची वाट सोडली. प्राणी जे खातो त्यावरून त्याचे जगणे ठरते आणि म्हणून तोंडाचे अवयव हीच नात्याची खरी खूण होय, असा त्यांचा आग्रह होता. १७७५च्या ग्रंथात त्यांनी सारे कीटक जबडे, ओठ आणि स्पर्शके यांच्या रचनेवरून मांडले. ही पद्धत वापरायला अत्यंत अवघड होती, कारण त्यासाठी प्रत्येक नमुन्याचे तोंड भिंगाखाली उघडावे लागे, आणि ती फार काळ चालली नाही. लात्रेय यांनी १७९६ मध्ये या वादातून बाहेर पडण्याचा जो मार्ग दाखवला तो आजपर्यंत टिकला आहे. एकच खूण सर्वत्र लावण्याऐवजी अनेक खुणा एकत्र पाहाव्यात, त्या ज्या ज्या ठिकाणी एकमेकींना दुजोरा देतात तेथे नैसर्गिक कुल आहे असे समजावे, हे त्यांचे तत्त्व होते. फ्रेंच राज्यक्रांतीत तुरुंगात पडलेल्या लात्रेय यांची सुटका कोठडीत सापडलेल्या एका दुर्मीळ भुंग्यामुळे झाली, ही कीटकशास्त्राच्या इतिहासातील प्रसिद्ध घटना येथे नोंदवण्याजोगी आहे.

या साऱ्या विद्वानांच्या टेबलावर नमुने कोठून येत होते, हा प्रश्न भारतीय वाचकाने विचारायलाच हवा. लिनियस यांच्या शिष्यांपैकी पेटर फॉर्स्कोल डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत सामील झाले आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने वारले. त्या मोहिमेतील एकटे जिवंत उरलेले सदस्य कार्स्टेन नीबूर तेथून मुंबईला आले, घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने करून मायदेशी परतले, आणि त्यांनी आपल्या मृत मित्राची टिपणे १७७५ मध्ये छापली. वाळवंटी टोळाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्या टिपणांत आहे. लिनियस यांचे दुसरे शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ मध्ये तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आले. शेजारच्या तंजावरवर तेव्हा तुळाजीराजे भोसले यांचे मराठी राज्य होते. क्योनिग आणि त्यांच्यानंतरच्या डॅनिश संग्राहकांनी पाठवलेले दक्षिण भारतातील कीटक फाब्रिसियस यांच्यापर्यंत पोहोचले. भारतातील शेतकऱ्याला आज परिचित असलेल्या अनेक नाकतोड्यांच्या शास्त्रीय नावांपुढे फाब्रिसियस हे नाव लागते त्याचे कारण हे आहे. भातावरचा नाकतोडा त्यांनी १७९८ मध्ये आणि रुईवरचा रंगीत नाकतोडा १७७५ मध्ये वर्णिला. ज्या गावकऱ्यांनी हे कीटक पकडून दिले, कोणत्या झाडावर आणि कोणत्या ऋतूत ते मिळतात हे सांगितले, त्यांची नावे मात्र कोणत्याही चिठ्ठीवर लिहिली गेली नाहीत. ही उणीव आता भरून निघणे शक्य नाही, पण इतिहास लिहिताना ती जागा रिकामी आहे हे दाखवणे शक्य आहे, आणि कर्तव्यही आहे.

एकोणिसावे शतक संग्रहालयांचे होते आणि त्याचा तपशील या प्रस्तावनेत थोडक्यात आटोपता येईल. लंडनमध्ये फ्रान्सिस वॉकर, स्टॉकहोममध्ये कार्ल स्टोल, जिनीव्हात आन्री द सोस्यूर, व्हिएन्नात ब्रुनर फॉन वाटेनविल आणि माद्रिदमध्ये इग्नासिओ बोलिव्हार यांनी जगभरातील नाकतोड्यांची वर्णने केली. बोलिव्हार यांनी तर तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयाकडून आलेल्या संग्रहावर स्वतंत्र लेखमाला लिहिली. भारतातील आखूड मिशांच्या नाकतोड्यांवरचा विल्यम फोर्सेल कर्बी यांचा संदर्भग्रंथ १९१४ मध्ये निघाला आणि शंभर वर्षांनंतरही तो बाजूला ठेवता येत नाही. मध्य भारताच्या वाट्याला या काळात जे आले ते फुलपाखरे आणि पतंग यांच्या अभ्यासातून. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेले चार्ल्स स्विन्हो हे लष्करी अधिकारी महू छावणीत असताना त्यांनी त्या परिसरातील पतंग आणि फुलपाखरे यांचा मोठा संग्रह केला आणि १८८६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. इंदूरपासून काही कोसांवर असलेल्या गवताळ माळावर पतंग वेचणाऱ्या या संग्राहकाच्या पायांखालून नाकतोडे उडत असणारच. पण देखणेपणा हाच तेव्हा संग्रहाचा पहिला निकष होता, आणि मळकट रंगाच्या कीटकांकडे लक्ष गेले ते त्यांनी पिके खाल्ल्यावरच.

ती वेळ विसाव्या शतकाच्या आरंभी आली. १९०१ पासून काही वर्षे मुंबई इलाख्यात ज्या टोळांनी धुमाकूळ घातला ते वाळवंटी टोळ नव्हते. ती दक्षिण आशियातील वेगळी जात होती, जिला आजही मुंबई टोळ म्हणतात आणि जिचे मूळ वर्णन लिनियस यांचे शिष्य योहान्सन यांच्या १७६३च्या प्रबंधात आहे. सरकारी कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅक्सवेल लेफ्रॉय यांनी १९०३-०४ मध्ये या जातीचा जीवनक्रम तपासला. वर्षात एकच पिढी, थंडीत सह्याद्रीच्या जंगलांचा आश्रय, पावसाच्या तोंडावर मैदानांकडे प्रयाण आणि पहिल्या पावसानंतर ओलसर मातीत अंडी, असा हा क्रम आहे. कोणती जात आहे हे नीट ओळखल्यामुळेच तिचा पुढचा मुक्काम कोठे असेल हे सांगता येऊ लागले. वर्गीकरण आणि शेतकऱ्याचे पोट यांचा संबंध महाराष्ट्राच्या भूमीवर इतक्या स्पष्टपणे प्रथमच प्रस्थापित झाला, आणि तरीही मराठीतील विज्ञानलेखनाने या प्रकरणाची पुरेशी दखल घेतलेली नाही.

यानंतर जे घडले ते या ग्रंथाच्या मते नाकतोड्यांच्या अभ्यासातील सर्वांत मोठे वळण होय. स्थलांतर करणारा टोळ आणि एकटा राहणारा, हिरवट रंगाचा, शांत नाकतोडा या दोन वेगळ्या जाती आहेत असे लिनियस यांच्या काळापासून मानले जात होते. त्यांच्या छातीच्या ढालीचा आकार, पंखांची लांबी आणि रंग इतके भिन्न होते की कोणत्याही संग्रहालयाने त्यांना वेगवेगळ्या पेटीत ठेवले असते, आणि ठेवलेही होते. रशियात जन्मलेल्या आणि १९२० मध्ये लंडनला आलेल्या बोरिस उव्हारोव्ह यांनी १९२१ मध्ये असे प्रतिपादन केले की या दोन जाती नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. विरळ वस्तीत वाढलेले पिल्लू एकाकी अवस्थेचे होते आणि गर्दीत वाढलेले थव्याच्या अवस्थेचे. कॉकेशसमधील त्यांची स्वतःची निरीक्षणे आणि तुर्कस्तानात प्लोत्निकोव्ह यांनी पिल्ले वाढवून केलेले प्रयोग यांचा त्याला आधार होता. दीडशे वर्षे ज्या शारीरिक खुणांवर जाती उभ्या केल्या होत्या, त्या खुणा गर्दी कमी-जास्त करून बदलता येतात, हे ध्यानात येताच केवळ मेलेल्या नमुन्यावर विसंबणारे वर्गीकरण अपुरे ठरले आणि स्वामरडाम यांचा जिवंत वाढीचा पुरावा अडीच शतकांनी पुन्हा केंद्रस्थानी आला. हा बदल कसा घडतो याचेही उत्तर पुढे मिळाले. मागच्या मांडीला इतर पिल्लांचे वारंवार होणारे स्पर्श आणि त्यामुळे मज्जासंस्थेत वाढणारे सेरोटोनिन हे रसायन काही तासांत एकलकोंड्या पिल्लाला कळपाकडे ओढू लागते, असे २००९ मध्ये दाखवण्यात आले.

भारतीय शास्त्रज्ञांनी या टप्प्यावर स्वतःचे मोलाचे काम केले. वाय. रामचंद्र राव यांनी १९३०च्या दशकात कराचीला मुक्काम ठेवून सिंध, बलुचिस्तान आणि राजपुतान्याच्या वाळवंटांत टोळांच्या एकाकी अवस्थेचा माग काढला. टोळांची आगाऊ सूचना देणारी सरकारी यंत्रणा १९३९ मध्ये उभी राहिली आणि राव यांचा बृहद्ग्रंथ १९६० मध्ये प्रकाशित झाला. मिठनलाल रुनवाल यांनी वाळवंटी टोळाच्या डोळ्यांवरील उभ्या पट्ट्यांचा अभ्यास केला. त्या पट्ट्या मोजून त्या टोळाने आजवर किती वेळा कात टाकली हे सांगता येते, आणि त्यावरून तो कोणत्या अवस्थेत वाढला याचा अंदाज बांधता येतो. आल्द्रोव्हांदींच्या काळात ज्या डोळ्याचे केवळ चित्र काढले गेले असते, त्याच डोळ्यात प्राण्याचा जीवनवृत्तांत वाचता येऊ लागला, ही प्रगती लहान नव्हे.

आज, इंदूरसारख्या शहरात, या विषयाचे महत्त्व काय असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचे उत्तर २०२० साली आकाशातूनच आले. २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानाच्या निर्जन वाळवंटात अवेळी पाऊस पाडला, तेथे वाळवंटी टोळांच्या पिढ्यामागून पिढ्या वाढल्या, आणि दोन वर्षांनी, २०२०च्या मे महिन्यात, त्यांचे थवे राजस्थानातून नीमच-मंदसौरमार्गे माळव्यात शिरून पुढे विदर्भात अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांपर्यंत पोहोचले. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि प्रत्येक प्रौढ टोळ दिवसाला सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका, हिरवा पाला खातो. मे महिन्यात माळव्याची शेते बहुतांशी रिकामी असतात म्हणून त्या वर्षी तेथील मोठे संकट टळले. सोयाबीन उगवल्यानंतर थवे आले असते तर चित्र निराळे दिसले असते. त्या दिवसांत रानातला साधा नाकतोडा पाहूनही लोक टोळधाडीच्या भीतीने औषध फवारीत होते. ओळख नसण्याची ही किंमत असते, आणि ती शेतकऱ्याच्या खिशातून व मातीतल्या निरुपद्रवी जीवांच्या प्राणांतून वसूल होते.

प्रस्तुत ग्रंथाची आखणी इंदूरच्या भंवरकुआं चौकाचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. १८९१ मध्ये स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय येथेच आहे, खंडवा रस्त्याला देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर आहे, आणि त्याच रस्त्यावर १९८७ मध्ये केंद्र म्हणून सुरू झालेली सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी माळव्यातून, निमाडातून आणि खानदेशातून आलेले हजारो विद्यार्थी या चौकाच्या आसपास खोल्या घेऊन राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे घर शेतीवर चालते आणि त्यांच्या अभ्यासक्रमात कीटकांचे गण पाठ करणे हा एका गुणाचा प्रश्न असतो. त्यांना या गणांमागचा तर्क कळावा, ही या ग्रंथामागची प्रमुख तळमळ आहे. पाठ केलेला गण परीक्षेनंतर विसरला जातो. मिशा पाहून, कान शोधून आणि पिल्लाच्या पाठीवरचे पंखांचे अंकुर तपासून स्वतः ठरवलेला गण विसरला जात नाही.

त्यासाठी साहित्यही दूर नाही. शहराबाहेर पडताच रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, रुईची झुडपे दिसतात आणि पावसाळ्यात त्यांच्यावर फाब्रिसियस यांनी वर्णिलेला रंगीत नाकतोडा असतो. त्याच्या अंगावर पिवळे आणि निळसर पट्टे असतात, पुढचे पंख हिरवे व पिवळ्या ठिपक्यांचे आणि मागचे फिकट लाल असतात. इतका ठळक रंग घेऊन तो पानावर निवांत बसतो, कारण रुईच्या चिकातील हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये त्याने आपल्या शरीरात साठवलेली असतात. त्याच्या पिल्लाला चिमटीत धरले तर ते द्रवाची बारीक पिचकारी मारते. त्याच्यापासून हातभर अंतरावर, ढेकळांत, क्रोटोगोनस प्रजातीचा मातकट, खरबरीत अंगाचा नाकतोडा असतो, जो हलेपर्यंत दिसतच नाही आणि जो कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडतो. रंगाने, चालीने आणि आहाराने इतके वेगळे असूनही हे दोघे एकाच कुलाचे आहेत, आणि ते का, हे समजण्यासाठी लात्रेय यांचे अनेक खुणांचे तत्त्व वापरावे लागते. काळ्या मातीत उन्हाळी खोल नांगरट केली की नाकतोड्यांचे अंडकोश उघडे पडून उन्हाने आणि पक्ष्यांच्या चोचींनी नष्ट होतात, हे माळव्यातला शेतकरी जाणतो. भातावरच्या नाकतोड्याची अंडी सारा हिवाळा आणि उन्हाळा जमिनीत निद्रिस्त राहून पावसाबरोबर फुटतात, या माहितीशी ते ज्ञान जोडले की नांगरटीची वेळ का महत्त्वाची, तेही उलगडते.

सध्याच्या संशोधनाची दिशाही वाचकाला ठाऊक असावी. जनुकीय क्रम वाचून नाती ठरवण्याची पद्धत आता सर्वमान्य झाली असून आखूड आणि लांब मिशांच्या दोन उपगणांची फारकत फार प्राचीन आहे, याला तिने दुजोराच दिला आहे. दुसरीकडे, भारतीय नाकतोड्यांचे कितीतरी आद्य नमुने, म्हणजे ज्या प्रत्यक्ष कीटकावरून जातीचे वर्णन झाले तो जपून ठेवलेला नमुना, लंडन, कोपनहेगन आणि माद्रिद येथे आहेत, आणि येथील अभ्यासकाला शंका आली तर ती फेडण्यासाठी त्या संग्रहांवर अवलंबून राहावे लागते. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या १९१६ मधील स्थापनेनंतर देशातच मोठे संग्रह उभे राहिले, पुण्यात आणि जबलपुरात त्याची प्रादेशिक केंद्रे आहेत, परंतु नाकतोडे ओळखू शकणाऱ्या तज्ज्ञांची संख्या थोडी आहे आणि गवताळ माळही वेगाने कमी होत आहेत. इंदूरच्या वाढत्या वस्तीने गिळलेल्या माळांवर कोणत्या जाती होत्या, हे आता संग्रहातील चिठ्ठ्यांवरूनच कळू शकते.

या पार्श्वभूमीवर ग्रंथाने स्वतःसाठी मर्यादित काम निवडले आहे. भारतातील सर्व नाकतोड्यांची सूची देणे हा त्याचा उद्देश नाही, तसेच कीटकनाशकांची शिफारसही त्यात आढळणार नाही. लिनियस, फाब्रिसियस, लात्रेय आणि उव्हारोव्ह यांनी मांडलेले युक्तिवाद माळव्यात आणि महाराष्ट्रात सहज सापडणाऱ्या कीटकांवर वाचकाला स्वतः तपासून पाहता यावेत, अशी रचना केली आहे. म्हणून ओळखीच्या तक्त्यांत फक्त दहापट मोठे दाखवणाऱ्या हातभिंगातून दिसणारे अवयव घेतले आहेत, आणि जिवंत नाकतोडा काचेच्या बाटलीत काही मिनिटे ठेवून पुन्हा सोडून देता येईल इतपतच निरीक्षणे मागितली आहेत. शास्त्रीय नावे देवनागरीत दिली असून नावापुढे मूळ वर्णनकर्त्याचे नाव आणि वर्ष आवर्जून ठेवले आहे, कारण त्या दोन शब्दांत प्रत्येक जातीचा इतिहास सामावलेला असतो आणि नवख्या वाचकाकडून नेमके तेच वगळले जातात. जेथे एखाद्या जातीचे स्थान आजही वादग्रस्त आहे तेथे दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि निर्णय वाचकाच्या पुढच्या अभ्यासावर सोपवला आहे. क्षेत्रनिरीक्षणाची प्रकरणे पावसाच्या आगमनापासून सुरू होतात, कारण अंडी फुटण्याचा हंगाम तोच असतो. ज्या वाचकाच्या हाती हा ग्रंथ उन्हाळ्यात पडेल त्याने इतिहासाचा भाग आधी वाचावा आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर भिंग घेऊन खंडवा रस्त्याच्या कडेची रुई गाठावी.